एल्डन स्कोगचे प्रायमर

१

"चूक माझी आहे, व्हर्ना. काडतुसांत प्रायमर चुकीचे घातले मी."

एल्डन स्कोग हे बोलला तेव्हा त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. त्याचा जावई वेड हॅलोरन आमच्या पायाशी ताडपत्रीखाली होता. आदल्या दिवशी वेडने बाणाने एल्क, म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, मारलं होतं, आणि तो मांस कापायला बसलेला असताना वासावर ग्रिझली अस्वल आलं. अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखट फवारा पाठपिशवीत तसाच पडून होता. रिव्हॉल्व्हर मात्र त्याने काढलं होतं, आणि चाप एकदा नाही, सहा वेळा ओढला होता. सहाही काडतुसांच्या बुडावर घोडा आपटल्याची खूण होती, पण एकही उडालं नव्हतं.

मृतदेह शोधणाऱ्यांत एल्डनच पुढे होता. त्यानेच रिव्हॉल्व्हर उचलून रिकामं केलं आणि ती सहा काडतुसं माझ्या हातात ठेवली. लोन फोर्कची कॉरोनर मी. कुणी अवेळी गेलं की ते कशाने गेलं ते मी ठरवते, आणि मग पुरायची व्यवस्थाही मीच करते, कारण गावातलं एकमेव अंत्यविधीचं दुकान माझं आहे. यावर गावात कुणी विनोद करत नाही, म्हणून तो मलाच करावा लागतो.

"दुकानात वर्षभर प्रायमर नाहीत, तुला माहीतच आहे," एल्डन म्हणाला. "पिस्तुलाचे संपले, म्हणून रायफलचे घातले. रायफलचे कडक असतात. रिव्हॉल्व्हरचा घोडा तेवढ्या जोराने आपटत नाही. ठिणगीच पडली नाही."

वेडचा भाऊ रॉस तिथेच उभा होता. तो इतका वेळ ताडपत्रीकडे बघत होता, आता एल्डनकडे बघायला लागला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"अंत्यविधी झाला की सामान आवरा आणि रँचवरून चालते व्हा. तुमच्या मुलीला, मारितला, मी सांभाळेन. तुम्ही मला त्या अंगणात दिसायला नकोत."

एल्डनने मान डोलावली. मला तेव्हा एकच गोष्ट खटकली. माणूस कबुली देतो तेव्हा एक तर समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, नाहीतर जमिनीकडे. एल्डन बोलत होता आमच्याशी, आणि बघत होता शेरीफच्या डेप्युटीच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे.

२

आमच्याकडे निम्मं खोरं घरीच काडतुसं भरतं. वापरलेलं पितळी नळकांडं पुन्हा घ्यायचं, त्याच्या बुडात नवा प्रायमर बसवायचा, वर दारू, वर गोळी. प्रायमर म्हणजे मसुराच्या डाळीपेक्षा थोडी मोठी धातूची टिकली, पण सगळा खेळ तिच्यावर. घोडा तिच्यावर आपटला की ती पेटते आणि दारूला पेटवते. कुठल्या काडतुसाला कुठला प्रायमर, यावर लोक एल्डनचा सल्ला घ्यायचे. एल्डनने बायको एका नाचात पसंत केली आणि प्रायमर निवडायला आठवडा लावतो, असं त्याची बायको हयात असताना चर्चमध्ये सगळ्यांना सांगायची.

असा माणूस म्हणतो की मी जावयाच्या हातात चुकीचं काडतूस दिलं. गावाने विश्वास ठेवला, कारण एवढी लाजिरवाणी गोष्ट कोण उगाच अंगावर घेईल? दुसऱ्याच दिवशी लोक आपापल्या फडताळातली एल्डनने भरलेली काडतुसं बाहेर काढून ठेवायला लागले. मारितने, त्याच्या एकुलत्या एका मुलीने, बापाशी बोलणं टाकलं. तिच्याच अंगणातल्या छोट्या घरात तो राहायचा. ती त्याच्या खिडकीवरून जायची ती मान फिरवून.

रॉस शवपेटी पसंत करायला आला. मी पहिली दाखवली तीच त्याने घेतली आणि मग उठायचं नाव घेईना. मी कॉफी दिली आणि रिव्हॉल्व्हरबद्दल विचारलं. ते त्यानेच वेडला लग्नात दिलं होतं, बिलिंग्जच्या बंदुकांच्या जत्रेतून, कुणाचं तरी वापरलेलं.

"त्याचं कधी काही उघडलंत? दुरुस्ती वगैरे?"

"मी धनुष्यवाला माणूस, मिसेस ओस्टबी. घरात एक रायफल आहे, तिची काडतुसं दुकानातून आणतो. ते भरण्याचा नाद मला कधीच नव्हता." मग तो कपात बघत म्हणाला, "मी जाणार होतो त्याच्याबरोबर. पण मिझुलाला फुटबॉलची मॅच होती. तिकीट होतं माझ्याकडे."

त्याचा राग एवढा का पेटला होता, ते मला तेव्हा कळलं. ज्याला स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही, त्याला दुसरं कुणीतरी समोर लागतं. पण असं वाटलं म्हणून मी त्याला संशयाच्या यादीतून वगळलं नाही. वेडच्या माघारी त्याच्या वाट्याचं अर्धं रँचही रॉसच्याच शब्दावर चालणार होतं, हे मलाही कळत होतं.

तो बोलत असताना मी खणातली ती सहा काडतुसं काढून हातात खेळवत होते. माझा नवरा आर्ने हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर काडतुसं भरायचा, आणि प्रायमर बसवायचं काम माझ्याकडे असायचं. बसवला की बोटाचं टोक बुडावरून फिरवायचं. काडतुसं भरणारा प्रत्येक जण हे करतो. डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळतं. आर्ने गेला, पण बोटाची सवय गेली नाही.

बोट एका काडतुसावरून फिरलं आणि थांबलं. मी दुसरं घेतलं. मग उरलेली चार. रॉस गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली.

३

एल्डन खोटं बोलत होता.

प्रायमर दोन मापांचे असतात, लहान आणि मोठे. लहान मापात पिस्तुलाचा आणि रायफलचा प्रायमर सारख्याच उंचीचा असतो. टंचाईच्या काळात कित्येकांनी एकाच्या जागी दुसरा घालून काम भागवलं आहे. पण मोठ्या मापात तसं नाही. मोठा रायफलचा प्रायमर पिस्तुलाच्या मोठ्या प्रायमरपेक्षा उंच असतो. तो रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात बसवला तर बुडातून वर डोकं काढतो, आणि मग काडतुसं धरणारं चक्र अडकतं, फिरत नाही.

वेडचं रिव्हॉल्व्हर मोठं होतं, त्याला मोठेच प्रायमर लागतात. माझ्या हातातल्या सहाही काडतुसांचे प्रायमर बुडाच्या किंचित आत होते, एल्डन बसवतो तसे नेमके. आणि चक्र तर सहा वेळा मुकाट फिरलं होतं. म्हणजे ते पिस्तुलाचेच होते. जिथे जे घालायचं तेच एल्डनने घातलं होतं.

ही थाप काडतुसं भरणाऱ्या कुणीही हसून उडवली असती. पण एल्डन ती रॉससमोर बोलला होता, आणि रॉस काय, डेप्युटी काय, दोघेही दुकानातून काडतुसं आणणारे. गावापर्यंत बातमी गेली ती रॉसच्या तोंडून, 'म्हातारा चुकला' एवढीच. प्रायमर लहान की मोठे, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मग ते उडाले का नाहीत? वेडच्या डब्यातली उरलेली काडतुसं मी डेप्युटीला त्याच्या स्वतःच्या, त्याच मापाच्या रिव्हॉल्व्हरमधून उडवायला सांगितली. सगळी उडाली. राहिलं ते वेडचं रिव्हॉल्व्हर. ते मी डेप्युटीकडून मागून घेतलं.

त्याच्या मुठीच्या पुढच्या बाजूला, खालच्या अंगाला, एक छोटा स्क्रू असतो. तो आतली स्प्रिंग दाबून धरतो. स्क्रू पूर्ण आवळलेला असला की घोडा जोरात आपटतो. सैल केला की चाप ओढायला हलका होतो, पण घोड्याचा मारही हलका होतो. वेडच्या रिव्हॉल्व्हरचा स्क्रू चांगलाच सैल होता.

असे स्क्रू आपोआपही ढिले होतात, मी तसंच समजणार होते. पण मी भिंग लावून बघितलं. स्क्रूच्या खाचेचे काठ दोन्हीकडून कुरतडलेले होते आणि मुठीवर शेजारी एक ताजा ओरखडा होता. पातं निसटून उठतो तसा, आणि पातंही जाड, पुढे गोल. बंदुकीशी खेळणारा माणूस नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घेतो. एल्डनच्या शेडमध्ये असे ओळीने टांगलेले असतात. धनुष्यवाल्या रॉसच्या गाडीतही अवजारांची पेटी असते. हे काम अशा कुणाचं होतं ज्याला अवजार मागायचं नव्हतं, म्हणून जे हाताला लागलं त्याने भागवलं.

मला त्या क्षणी भिंग खाली ठेवून घरी जावंसं वाटलं. कारण एल्डन ज्याच्यासाठी खोटं बोलेल, असं माणूस या जगात एकच उरलं होतं.

४

मारितच्या स्वयंपाकघरात चर्चच्या बायकांनी आणलेल्या भाजलेल्या पदार्थांच्या परातींची चळत होती. कशालाच कुणी हात लावला नव्हता. तिने मला हकलबेरी या रानफळाची गोड पेस्ट्री कापून दिली. ताटलीशेजारी तिने जेवणाची सुरी ठेवली, आणि मग पटकन ती उचलून दुसरी ठेवली. पहिलीचं टोक वाकलेलं होतं.

मी वेडच्या बालपणाबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले. मग सहज विचारल्यासारखं करून म्हटलं की ते रिव्हॉल्व्हर तूही चालवायचीस का.

"वेड मागे लागला होता. अंगणातल्या सफरचंदांवर अस्वलं येतात, तुला चालवता यायलाच हवं म्हणायचा." तिने उजवं मनगट चोळलं. घोड्यावरून पडून ते मोडलं होतं आणि नीट जुळलं नव्हतं. "सुरुवातीला तो चाप मला दोन बोटांनीही ओढता येत नव्हता. वेड हसायचा. मग सवय झाली."

"कितीदा उडवलंस?"

"एकदाही नाही. प्रायमर मिळत नाहीत, काडतूस वाया घालवू नको, रिकाम्यावरच सराव कर, असं..." ती थांबली. "असं एकाने सांगितलं होतं."

बापाचं नाव ती घेत नव्हती. मी म्हटलं, एल्डन शनिवारी निघतोय नॉर्थ डकोटाला, बहिणीकडे. त्याचं वय बघता तो परत येईल असं मला वाटत नाही. तू त्याला एकदा भेटून घे.

"माझा नवरा मारला त्यांनी," ती म्हणाली. ती सिंककडे तोंड करून उभी होती आणि धुतलेलाच कप पुन्हा धूत होती. मी निघाले, दारापर्यंत पोचले, तेव्हा तिने पाठमोरीच विचारलं, "ते रिव्हॉल्व्हर अजून तुमच्याकडेच आहे का?"

५

एल्डन शेडमध्ये सामान बांधत होता. काडतुसं भरायचं यंत्र त्याने टेबलावरून उखडलं होतं. स्क्रूड्रायव्हर अजून भिंतीवर होते, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"मोठ्या मापाचा रायफलचा प्रायमर रिव्हॉल्व्हरमध्ये?" मी म्हटलं. "चक्र फिरलं असतं का रे? मला काय शाळकरी पोर समजलास?"

तो खोक्यावर बसला.

"आर्नेने तुला फार शिकवून ठेवलं," तो म्हणाला.

"तुला कधी कळलं?"

"मूठ हातात घेतली तेव्हाच. स्क्रू अंगठ्याला लागला, आणि तो ओरखडा दिसला. चाप जड जातो ही तक्रार तिचीच होती. तिथल्या तिथे आवळून टाकला असता, पण डेप्युटी खांद्याशी उभा होता. मग जे सुचलं ते बोललो."

"तिने मुद्दाम नाही केलं, एल्डन."

"ते मला सांगतेस? तिला काय माहीत घोड्याचा मार कशाने कमी होतो! चाप हलका झाला, एवढंच तिला कळलं. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा खट्ट आवाज तर तसाच येतो." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आणि रिकाम्यावर सराव कर हे मीच सांगितलं ना. माझे मेले प्रायमर वाचवायला. तिने एक गोळी, एकच गोळी उडवली असती, तर त्याच दिवशी कळलं असतं. मी कंजूषपणा केला, व्हर्ना. तेव्हा खोटं तरी किती बोललो मी?"

"ती तुझं तोंड बघत नाही."

"नको बघू दे. मी म्हातारा आहे, मला फार दिवस काढायचे नाहीत. तिला काढायचेत. नवऱ्याला आपण मारलं हे उराशी धरून चाळीस वर्षं काढणार ती? त्यापेक्षा बाप वाईट होता म्हणून काढू दे."

मी त्याला विचारलं, मी कागदावर काय लिहू. तो म्हणाला, अस्वल लिही, ते तर खरंच आहे. आणि कुणी विचारलं तर? मी विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या ओळखीत एल्डनने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"कुणी विचारलं तर गप्प बस," तो म्हणाला. "तेवढं तुला जमेल."

मी हो म्हटलं. घरी येताना मला वाटलं, बरोबर केलं. जेवताना वाटलं, नाही केलं. हे दोन्ही नंतर बरेच दिवस चालू राहिलं.

६

शनिवारी मी दुकान उघडायच्या आधीच मारित दाराशी उभी होती. कोट उलटसुलट बटणं लावून घातलेला.

"एकच सांगा," ती म्हणाली. "ते बाबांच्या प्रायमरमुळेच झालं ना? फक्त हो म्हणा. मी लगेच जाते."

एक 'हो'. दुकानात मी रोज त्याहून मोठं खोटं बोलते. त्याला काही त्रास झाला नसेल, झोपेतच गेला असेल, असं मी निम्म्या गावाला सांगितलं आहे. पण तिने बाबा म्हटलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्या तोंडातून तो शब्द निघाला नाही.

मी गप्प राहिले. एल्डनला वचन दिलं होतं तेच पाळलं म्हणा, आणि त्याच गप्प राहण्याने तिला सगळं कळलं.

"मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "काडतुसं उडाली नाहीत हे ऐकलं त्याच क्षणी. इंटरनेटवर कुणीतरी दाखवलं होतं, हा स्क्रू सैल करा, चाप हलका होतो. मी बाबांकडे स्क्रूड्रायव्हर मागितला असता तर त्यांनी विचारलं असतं कशाला. म्हणून सुरीने केलं." तिने श्वास घेतला. "मग बाबांनी आधीच सांगून टाकलं की त्यांचं चुकलं. आणि मला बरं वाटलं, मिसेस ओस्टबी. इतकं बरं वाटलं की मी त्यांच्यावर चिडले. त्यांच्याकडे बघितलं की मला तेच आठवायचं."

ती वळली आणि गाडीत बसली. तिला एकटीला जाऊ द्यायचा मला धीर झाला नाही. मी मागोमाग गेले.

अंगणात एल्डनचा पिकअप भरलेला होता आणि इंजिन चालू होतं. म्हातारा आत बसला होता. रॉस पायऱ्यांवर उभा होता, तो निघतोय ना ते बघायला. मारित गाडीतून उतरून सरळ त्याच्यासमोर गेली.

"स्क्रू मी सैल केला होता, रॉस. रिव्हॉल्व्हरचा. बाबांचे प्रायमर बरोबर होते."

"तिचं ऐकू नकोस," एल्डन खिडकीतून म्हणाला. "तिला रात्रंदिवस झोप नाही. काय बोलतेय तिला कळत नाही."

रॉसने आधी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि मग माझ्याकडे. "मिसेस ओस्टबी?"

एल्डनही माझ्याकडेच बघत होता. त्याची नजर मी टाळली.

"मारित खरं बोलतेय," मी म्हटलं.

रॉस पायरीवर खाली बसला. ओरडेल, काही फेकेल, असं मला वाटलं होतं. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि "त्या दिवशीच्या मॅचचा निकाल काय लागला हेही मला आठवत नाही," असं काहीतरी स्वतःशीच बोलला. त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

"गप्प बसायला काय झालं होतं तुला?" एल्डन मुलीला म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. मी त्याला तिच्यावर रागावताना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

"इतके दिवस बसले होते ना गप्प," मारित म्हणाली. "तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. आता नाही बसायचं."

ती पलीकडून गेली, दार उघडून त्याच्या शेजारच्या सीटवर चढली आणि दार ओढून घेतलं. काच वर होती. ते काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की आधी एल्डन मान हलवत राहिला, नाही, नाही. मग त्याने हलवणं सोडून दिलं. मी आणि रॉस थंडीत तसेच थांबलो, एकमेकांकडे न बघता. बऱ्याच वेळाने एल्डनने इंजिन बंद केलं.